पिप्पो इन्झागी: ऑफसाइडच्या रेषेवर काढलेली वीस वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इटलीचा फुटबॉल स्ट्रायकर फिलिपो (पिप्पो) इन्झागी याच्याकडे ना ड्रिबलिंग होतं, ना लांबून मारायचा शॉट, ना अंगात रग. तरीही सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, 156 आणि युरोपच्या क्लब स्पर्धांमध्ये 70 गोल त्याने केले कसे? हे नुसतं नशीब, की तरुण स्ट्रायकरला त्यातून काही उचलता येईल? आणि आजच्या व्हीएआरच्या (व्हिडिओ बघून पंचांचे निर्णय तपासण्याच्या) काळात तो टिकला असता का?

‘नशीब’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. एखाद्या मोसमात नशिबाने पाच-सात गोल मिळतात, वीस वर्षं मिळत नाहीत. इन्झागीचं बहुतेक काम चेंडू त्याच्यापर्यंत यायच्या आधीच झालेलं असायचं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून आपल्याला फक्त शेवटचा स्पर्श दिसतो आणि तो अगदीच साधा वाटतो. कधी गुडघ्याला लागून, कधी खांद्याला लागून चेंडू आत. त्याची खरी कारागिरी पाहायची तर पूर्ण मैदान दाखवणारं फुटेज घ्या आणि चेंडूकडे न बघता दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. हा माणूस सतत हलतोय हे लक्षात येईल. चार पावलं मागे, दोन बाजूला, मान वळवून लाइनमनकडे एक नजर, मग पुन्हा बचावपटूच्या पाठीमागे.

आता नियम, कारण अर्ध्या चर्चा नियम चुकीचा माहीत असल्यामुळे भरकटतात. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, आपल्या साथीदाराचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी, तुम्ही चेंडूपेक्षाही आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षाही गोलरेषेच्या जवळ असाल तर तुम्ही ऑफसाइड जागी आहात. डोकं, धड आणि पाय मोजतात, हात मोजत नाहीत. समान रेषेत असाल तर चालतं. ही सवलत 1990 मध्ये आली. त्याआधी समान रेषेतला स्ट्रायकरही ऑफसाइड धरत. इन्झागी पिआचेन्झाच्या पहिल्या संघात आला तो 1991-92 च्या मोसमात, म्हणजे नियम त्याच्यासाठीच बदलल्यासारखा बदलला. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. ऑफसाइड जागी नुसतं उभं राहणं हा गुन्हाच नाही. गुन्हा होतो तो तिथून खेळात भाग घेतल्यावर. इन्झागीचं अर्धं दुकान या एका वाक्यावर चाललं.

इटलीतला बचावही त्याच सुमारास बदलला होता. पूर्वी प्रत्येक स्ट्रायकरला एक माणूस चिकटलेला आणि त्यांच्या मागे लिबेरो, म्हणजे कोणालाही न चिकटणारा मोकळा बचावपटू, अशी पद्धत होती. अरिगो साकीच्या मिलानने 1980 च्या दशकाच्या शेवटी चौघांची सरळ रांग पुढे चढवून ऑफसाइडचा सापळा लावायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळे तसं खेळू लागले. रांग पुढे आली की तिच्या मागे तीस-पस्तीस मीटर मोकळं रान पडतं. लिबेरोच्या काळात इन्झागीसारख्याला ते रान मिळालं नसतं. तो त्या रांगेचंच अपत्य होता.

थोडं गणित करू. बचावाची रांग सेकंदाला 3 मीटर वेगाने पुढे येतेय आणि स्ट्रायकर सेकंदाला 7 मीटर वेगाने तिच्या उलट दिशेने निघालाय. दोघांमधलं अंतर सेकंदाला 10 मीटरने बदलतं. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात 1 मीटर. पास देणाऱ्याने एवढा क्षण उशीर केला की तुम्ही पूर्ण मीटरभर ऑफसाइड. उलट बरोबर वेळ साधली तर तोच मीटर तुमचा, आणि चेंडू पोचेपर्यंत तो दोन-तीन मीटर होतो. इन्झागी सरळ शर्यतीत फार वेगवान नव्हता, पण त्याला त्याची गरजच नव्हती. बचावपटू वळून वेग घेईपर्यंत तो वेगात आलेला असायचा. क्रिकेट बघणाऱ्याला नॉन-स्ट्रायकरच्या उदाहरणाने हे पटकन कळेल. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटायच्या आधी क्रीज सोडली तर धावबाद व्हायची भीती, सुटल्यावर विचार करत बसलो तर धाव हुकली.

ही वेळ तो कशी साधायचा?

पहिली गोष्ट म्हणजे उभं राहायची जागा. तो बचावपटूच्या समोर उभा राहत नसे, पाठीमागच्या खांद्याशी उभा राहायचा. चेंडू डावीकडे असेल तर बचावपटू डावीकडे बघणार आणि इन्झागी त्याच्या उजव्या खांद्यामागे. बचावपटूला एकाच नजरेत चेंडू आणि तो, दोन्ही दिसायचे नाहीत. दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून बघावं लागायचं, आणि मान वळली की निघायचं.

दुसरी गोष्ट, मुद्दाम ऑफसाइड उभं राहणं. पासची शक्यता नसताना तो रांगेच्या दोन-तीन मीटर पलीकडे रेंगाळायचा. ऑफसाइडच आहे, याची काळजी कशाला, असं म्हणून बचावपटू त्याला सोडून देत. मग मधल्या फळीतल्या खेळाडूने मान वर केली की हा चार पावलं मागे येऊन रेषेत यायचा आणि तिथूनच वळून सुटायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा सारखा ऑफसाइड सापडतोय, याला अक्कल नाही. सापडायचाही, एका सामन्यात अनेकदा. पण हिशेब साधा आहे. चुकलेल्या धावेची किंमत एक इनडायरेक्ट (जिच्यावरून थेट गोल होत नाही अशी) फ्री किक, तीही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात, आपल्या गोलपासून लांब. साधलेल्या धावेची किंमत गोलरक्षकाशी एकास एक. असा सौदा कोणीही दहा वेळा करावा. मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक राहिलेले सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या नावावर ‘हा पोरगा ऑफसाइडमध्येच जन्मला असणार’ असं एक वाक्य फिरतं. खरं-खोटं काहीही असो, टोमणा म्हणून ते छान आहे, पण खेळाचं विश्लेषण म्हणून निरुपयोगी.

तिसरी गोष्ट धावेचा आकार, आणि मुलं सर्वांत जास्त चुकतात ती इथे. सरळ गोलकडे धावलात तर पाऊलभर लवकर निघाल्याची शिक्षा लगेच मिळते. इन्झागी आधी रेषेला समांतर, आडवा धावायचा. वेग तिथेच घ्यायचा आणि पास सुटताना धाव गोलकडे वळवायचा. कमान काढल्यासारखी. आडव्या धावेत कितीही वेग घ्या, तुम्ही रेषेतच असता. शिवाय शरीर अर्धं उघडं राहतं, त्यामुळे चेंडू आणि गोल दोन्ही दिसतात.

चौथी, पास देणाऱ्याचं शरीर वाचणं. चेंडूकडे बघून निघालात तर उशीर होतो. पास देणारा आधी चेंडू पायापासून हातभर पुढे ढकलतो, मग मान वर करून बघतो, मग न मारणारा पाय चेंडूशेजारी रोवतो. तो पाय रोवला जाणं हीच निघायची खूण. रोवलेला पाय आणि चेंडूला लागणारा पाय यांच्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात आडवी धाव वळवून होते.

म्हणूनच त्याच्या कारकिर्दीचा आलेख बघताना त्याच्यामागे कोण खेळत होतं हे बघावं. तिसऱ्या श्रेणीत लेफ्फेकडून 1992-93 मध्ये 21 सामन्यांत 13 गोल, पुढच्या वर्षी वेरोनाकडून सेरी बीमध्ये (दुसऱ्या श्रेणीत) 13, मग घरच्या पिआचेन्झाकडून 15 आणि सेरी बीचं विजेतेपद. पार्मात 1995-96 मध्ये झोला, स्टॉइचकोव्ह अशी आघाडीची गर्दी होती. संधी कमी मिळाल्या आणि लीगमध्ये 2 गोलांवर भागलं. पुढच्याच मोसमात अटलांटाने त्याच्याभोवती हल्ला रचला, मोर्फेओसारखा नजर असलेला पासर मागे होता आणि 33 सामन्यांत 24 गोल करून तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. माणूस तोच, पाय तेच. पुढे युव्हेंटसमध्ये झिदान, मिलानमध्ये रुई कोस्टा, पिर्लो, सेडॉर्फ, काका. असा स्ट्रायकर संघात घेताना आधी विचारायचं की याला चेंडू देणार कोण. मान खाली घालून पळणारे विंगर असतील तर इन्झागी नव्वद मिनिटं फक्त लाइनमनचे ऑफसाइडचे झेंडे मोजेल.

आता एक गोल जवळून बघू. अथेन्स, 23 मे 2007, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, मिलान विरुद्ध लिव्हरपूल. इन्झागी 33 वर्षांचा. त्या मोसमात सेरी आमध्ये त्याचे फक्त 2 गोल होते आणि दुसरा स्ट्रायकर जिलार्दिनोला बाहेर बसवून प्रशिक्षक अँचेलोटींनी इन्झागीला सुरुवातीपासून खेळवलं यावर बरीच कुजबुज होती. मांडणी अशी की काका आणि सेडॉर्फ मागे, पुढे एकटा इन्झागी. पूर्वार्ध संपता संपता पिर्लोची फ्री किक भिंतीच्या बाजूने आली आणि इन्झागीच्या दंडाच्या वरच्या भागाला की छातीला लागून वळली, लिव्हरपूलचा गोलरक्षक रेना उलट बाजूला गेला, 1-0. हात की छाती हा वाद अजून चालतो. तेव्हा निकष होता हेतूचा. आज गोल करणाऱ्याच्या हाताला चेंडू नकळत लागूनही थेट गोल झाला तरी तो रद्द होतो. तशा गोलाचे धडे देत बसू नये. मात्र फ्री किक मारताना तो उभा नव्हता, चेंडूच्या वाटेत आडवा धावत होता, एवढं टिपून ठेवावं.

धडा आहे दुसऱ्या गोलात. 78व्या मिनिटाला लिव्हरपूलने बरोबरीसाठी माशेरानोला काढून क्राउचला आणलं. तोवर माशेरानो काकाच्या पायात पाय घालून होता. तो गेल्यावर काकाला मध्यात चेंडू घेऊन मान वर करायला वेळ मिळाला, आणि इन्झागीला लागतो तो एवढाच वेळ. 82व्या मिनिटाला काका चेंडू घेऊन पुढे येतो, इन्झागी रांगेला लागून, दोन बचावपटूंच्या मधल्या फटीशी. पास निघतो तेव्हा तो जेमतेम रेषेत. रेना पुढे येतो. इथे बहुतेक स्ट्रायकर घाईने मारतात. इन्झागी मारत नाही. तो चेंडू उजवीकडे ढकलून रेनाला ओलांडतो, कोन बराच लहान होतो, आणि मग उजव्या पायाने चेंडू जमिनीलगत आत सरकवतो. जोर जवळपास शून्य. 89व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या काउटने एक गोल परत केला, तरी 2-1 वर करंडक मिलानचा.

गोलरक्षकाला ओलांडायची ही सवय त्याच्या कमकुवतपणातून आली. लांबून जोरदार मारता येत नाही, मग अंतर कमी करायचं. 2006 च्या विश्वचषकात हॅम्बुर्गला झेक प्रजासत्ताकाविरुद्धही हेच. तो तासाभराने बदली म्हणून आला. झेक संघ दहा जणांवर आलेला आणि पिछाडीवर, म्हणून रांग खूप वर चढलेली. 87व्या मिनिटाला तो मोकळ्या मैदानात सुटला, शेजारी साथीदार बारोने रिकामा धावत होता, पण इन्झागीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गोलरक्षक चेखला ओलांडलं आणि रिकाम्या जाळीत चेंडू. त्या स्पर्धेत तो तेवढाच एक सामना खेळला, आणि इटली विश्वविजेता झाला. बारोनेला पास द्यायला हवा होता का? प्रशिक्षक म्हणून मी हो म्हणेन. पण बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, जगणाऱ्या स्ट्रायकरच्या अंगात हा आप्पलपोटेपणा थोडा असतोच. सगळा काढून टाकला तर गोलही कमी होतात.

दैव कधी उलटही फिरायचं. 2003 च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मिलानकडून अयाक्सविरुद्ध 2-2 असताना, भरपाई वेळेत, त्याने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उचलून टाकला. तो आत जातच होता, पण साथीदार थॉमासनने रेषेवर स्पर्श केला आणि गोल त्याच्या नावावर लागला. दुसऱ्यांचे शॉट रेषेवरून ढकलण्यात हयात गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडावं!

रिबाउंडबद्दल, म्हणजे अडून परत आलेल्या चेंडूबद्दल, थोडक्यात. साथीदाराने शॉट मारला की इन्झागी प्रत्येक वेळी, म्हणजे खरोखर प्रत्येक वेळी, गोलरक्षकाच्या दिशेने दोन-तीन पावलं घ्यायचा. दहातल्या नऊ वेळा काही हाती लागत नाही, आणि म्हणूनच बाकीचे स्ट्रायकर हे करणं सोडून देतात. त्यात नियमाची मेख अशी की शॉटच्या क्षणी तुम्ही ऑफसाइड जागी असाल तर गोलरक्षकाच्या हातून किंवा खांबावरून परत आलेल्या चेंडूवरही ऑफसाइडच. त्यामुळे शॉटच्या आधी चेंडूच्या मागे किंवा रेषेत असणं अटळ. मिलान-रेआल माद्रिद, 3 नोव्हेंबर 2010, तो 37 वर्षांचा. साथीदार इब्राहिमोविचचा क्रॉस गोलरक्षक कासियासच्या हातून निसटला आणि इन्झागी पुढ्यात हजर. त्याच सामन्यातला त्याचा दुसरा गोल मात्र ऑफसाइड होता, झेंडा वर गेला नाही इतकंच.

तिथूनच व्हीएआरकडे येऊ. तो दुसरा गोल आज नक्की रद्द झाला असता. पण उलट बाजू बघा. लाइनमनला एकाच क्षणी तीस-चाळीस मीटर दूरच्या पासरचा पाय आणि समोरची रांग, दोन्ही बघायचं असतं. नजर एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला जो निमिष लागतो तेवढ्यात आपल्या गणिताप्रमाणे स्ट्रायकर मीटरभर पुढे गेलेला दिसतो. म्हणजे चुकीच्या झेंड्यांचा कल स्ट्रायकरच्या विरुद्ध, आणि वेळ जितकी अचूक तितका अन्याय जास्त. आता लाइनमनला हल्ला पुरा होईपर्यंत झेंडा खाली ठेवायला सांगतात आणि मग तपासणी होते. त्यामुळे इन्झागीचे काही गोल गेले असते, काही नव्याने मिळाले असते. माझ्या मते हिशेब जवळपास बरोबरीत सुटला असता. खरी अडचण वेगळी आहे. आजचे मोठे क्लब स्ट्रायकरकडून बचावपटूंवर चढाई करून दबाव आणायची, खाली येऊन चेंडू खेळवायची अपेक्षा करतात. त्यात तो कमी पडला असता. बदली म्हणून शेवटची तीस मिनिटं, एवढीच जागा त्याला कदाचित मिळाली असती. आपल्याकडच्या मैदानांवर तर व्हीएआरचा प्रश्नच नाही, तिथे लाइनमनचा डोळाच अंतिम. म्हणून एक सूचना: सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत एकदा मुद्दाम अगदी घट्ट वेळेवर धावून लाइनमन कसा आहे ते बघून घ्यावं. संशय आला की लगेच झेंडा उचलणारा असेल तर त्या दिवशी अर्धं पाऊल उशिरा निघावं.

सरावाचं विचाराल तर फार सामान लागत नाही. मध्यरेषेच्या थोडं पुढे एक पासर, त्याच्यासमोर 15 ते 20 मीटरवर दोन बचावपटू, त्यांच्यात 6 ते 8 मीटरची फट, मागे गोलरक्षक, आणि बाजूला एक जण झेंडा घेऊन. झेंडेवाला हवाच. त्याच्याशिवाय मुलं स्वतःलाच फसवतात. पहिल्या सहा धावा बचावपटूंनी जागेवर उभं राहून, पुढच्या सहा त्यांनी हवं तेव्हा दोन पावलं वर चढून. स्ट्रायकरला तोंडाने पास मागायची बंदी, कारण हाक बचावपटूलाही ऐकू जाते. बारा पूर्ण वेगाच्या धावा झाल्या की थांबावं. मधे 40 ते 60 सेकंद विश्रांती द्यावी. दमलेल्या पायांनी वेळ शिकता येत नाही, उलट चुकीची वेळ अंगवळणी पडते.

बारापैकी चार-पाच वेळा झेंडा वर गेला तर काळजी करू नका. एकदाही गेला नाही तर मात्र करा, पोरगा उशिरा निघतोय. सारखाच जात असेल तर आधी पासरकडे बघा. बहुतेक वेळा तो चेंडूला एक स्पर्श जास्त घेत असतो आणि शिव्या स्ट्रायकरला पडतात. दोघांना आठवडाभर एकत्र ठेवावं, जोड्या बदलू नयेत.

वयाचा मुद्दा राहिला. गुडघा आणि घोट्याच्या दुखापतींनी इन्झागीची 2003 ते 2005 ही दोन वर्षं खाल्ली. माद्रिदविरुद्धच्या त्या सामन्यानंतर आठवड्यातच पालेर्मोविरुद्ध गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तरी तो परतला. साधा पास्ता आणि ब्रेसाओला, म्हणजे गोमांसाचे खारवून वाळवलेले पातळ काप, हा त्याचा ठरलेला आहार इटलीत थट्टेचा विषय होता. पण ज्याचा खेळ वेगावर कमी आणि अंदाजावर जास्त चालतो तो वयाने हळू म्हातारा होतो, हेही खरं.

13 मे 2012, मिलानचं मैदान सान सिरो, नोव्हाराविरुद्ध मिलानकडून त्याचा 300वा आणि शेवटचा सामना. 38 वर्षांचा, बदली म्हणून आलेला. सेडॉर्फने मान वर केली आणि बचावाच्या डोक्यावरून चेंडू उचलून दिला. इन्झागी दोघांच्या पाठीमागून निघाला, चेंडू छातीवर घेतला, टप्पा पडता पडता उजव्या पायाने मारला. मिलानसाठी 126वा. मग तो नेहमीसारखाच, हात पसरून, तोंड उघडं टाकून पळत सुटला, आणि पळता पळता लाइनमनच्या बाजूला बघायची या वेळी कोणालाच गरज पडली नाही.